तुमच्या गाडीने लावलेले दिवे

आदरणीय साडूसाहेब यांस,

धाकट्या साडूचा कमरेपर्यंत वाकून नमस्कार. (पूर्ण वाकलो असतो, पण खांदे आणि पाठ सध्या माझ्या ताब्यात नाहीत. का ते पुढे येईलच.) तुम्ही, ताई आणि तुमची नवी गाडी असे तिघंही खुशाल असाल. नव्या गाडीत पाय लांब करून बसता येतं असं तुम्ही फोनवर म्हणाला होता, त्यावरून ताईंचा गुडघाही सुधारला असावा असं धरून चालतो. इकडे आम्ही ठीक आहोत, म्हणजे विचारणाऱ्याला आम्ही ठीक आहोत असं सांगतो. तुमच्या मेहुणीने (म्हणजे माझ्या बायकोने) तुम्हाला नमस्कार सांगितलेला नाही. पण पत्रात तो लिहितात, म्हणून मी माझ्या जबाबदारीवर लिहीत आहे. तो तिचा समजू नये.

पत्रास कारण की, तुमची जुनी गाडी. तुम्ही ती आम्हाला दिलीत तेव्हा अख्ख्या नात्यागोत्यात तुमच्या मोठ्या मनाचा डंका वाजला. ‘घरातली गाडी घरात राहावी’ हे तुमचं वाक्य मला इतक्या लोकांनी ऐकवलं की शेवटी मीच ते म्हणायला लागलो. दिलेल्या गाडीचे टायर बघू नयेत, हे मलाही कळतं. त्या दिवशी तुम्ही स्वतः गाडी चालवत आणलीत, फाटकाशी लावलीत, किल्ली माझ्या हातावर ठेवलीत, आणि मग मागचं दार उघडून सासूबाईंना उतरवलंत. त्यांच्यासोबत एक बॅग, एक उशी आणि त्यांची काठी होती. ‘महिनाभर हवापालट,’ तुम्ही म्हणालात. ‘तब्येत ठणठणीत आहे, जरा विसराळू झाल्यात इतकंच. आणि आता तुमच्याकडे गाडी आहेच.’ मग चहाही न घेता तुम्ही टॅक्सीने परत गेलात. त्या ‘आणि आता’ मधला अर्थ मला पुढे बऱ्याच दिवसांनी उमगला. गाडी आणि सासूबाई एकाच फेरीत पोचवण्याची तुमची काटकसर मात्र तेव्हाच लक्षात आली होती. (आईंबद्दल माझी तक्रार नाही. त्या माझ्या वह्यांवर कव्हरं घालतात, आणि बायकोच्या विरुद्ध माझी बाजू घेतात. या घरात ती जागा कित्येक वर्षं रिकामी होती.)

उन्हाळा बरा गेला. मग एक दिवस शाळेत जाताना काट्यांच्या काचेमागे एक लाल दिवा लागला. त्यावर डब्याचं चित्र होतं, डब्यावर एकीकडे अधिक आणि दुसरीकडे उणे. मी भूगोलाचा मास्तर, गणिताचा नव्हे, म्हणून दुर्लक्ष केलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी पिवळा दिवा लागला, त्यात स्टिअरिंग आणि उद्गारचिन्ह. मग तिसऱ्या दिव्यात एक माणूस दिसू लागला, मांडीवर मोठा चेंडू घेऊन बसलेला (ती एअरबॅगची खूण होती म्हणे). मी तुम्हाला फोन केला. तुम्ही दोन गोष्टी सांगितल्यात. एक, ‘गाडीला अजून तुमच्या हाताची सवय नाही.’ दोन, ‘दिव्यांकडे बघायचं नसतं हो, रस्त्याकडे बघायचं असतं.’ मी रस्त्याकडे बघू लागलो. तेव्हा स्टिअरिंग जड झालं.

जड म्हणजे कसं, हे तुम्हाला कळावं म्हणून सांगतो (तुम्हाला ते माझ्याआधी कळलेलं होतं हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं). सरळ रस्त्यावर सगळं छान. वळण आलं की विहिरीवरचा गंजलेला रहाट ओढल्यासारखं. चौकातल्या गोलाला वळसा घालायचा तर मी सीटवरून अर्धा उठायचो, आणि बाजूचे लोक मी ओळखीचा नमस्कार करतोय असं समजून हात वर करायचे. शाळेत पोचेपर्यंत दंड भरून यायचे. एकदा फळ्यावर नकाशा काढताना हात असा थरथरला की एका द्वीपकल्पाचं बेट झालं. पोरांनी ते तसंच उतरवून घेतलं.

मग वैद्य सुरू झाले. टायरवाल्याने चाकांना लाथा मारून हवा कमी असल्याचं निदान केलं. हवा भरली. गाडी जड ती जडच, फक्त आता उड्याही मारू लागली. गॅरेजवाल्याने बॅटरी म्हातारी झाल्याचं सांगितलं. नवी बसवली तसे दिवे विझले, स्टिअरिंग लोण्यासारखं फिरलं, आणि मी बायकोला म्हणालो, बघ, तुझ्या भावजींनी दिलेली वस्तू. पुढच्या आठवड्यात बायकोने हेच वाक्य मला परत केलं, वेगळ्या सुरात. तिसरा संगणकवाला. त्याने डॅशबोर्डाखाली एक वायर खुपसली आणि पडद्यावर दोषांची अशी भलीमोठी माळ उलगडली की मला माझा शाळेतला गोपनीय अहवाल आठवला. मी विचारलं, आता काय करायचं? तो म्हणाला, ‘पुसतो.’ आणि त्याने पुसले. आजार गेला की नाही कोण जाणे, केसपेपर मात्र कोरा झाला. चौथ्याने गाडी सुरूही केली नाही. डोळे मिटून ऐकलं आणि अख्खं स्टिअरिंग बदला म्हणाला. खर्चाबद्दल मी या पत्रात एक अक्षर लिहिणार नाही. तुम्ही मोठे आहात, तुम्हाला अंदाज असेल.

या सगळ्यात आईंच्या हातून कप पडायला लागले होते. आधी एक, मग बशीसकट. आम्ही स्टीलचे पेले काढले. मग त्यांचं डावं पाऊल जमिनीवर घासू लागलं, आणि चप्पल वाटेत सुटून मागे राहू लागली. त्या म्हणायच्या, चप्पलच ढिली आहे. आम्ही नवी चप्पल आणली. (टायरमध्ये हवा भरण्यासारखंच होतं ते. आता हसू येत नाही.) शेवटी डॉक्टरांची वेळ घेतली आणि मी रजा टाकली.

त्या दिवशी आभाळ भरलेलं, अंधारून आलेलं. पुढचे दिवे लावले, वायपर लावले, काचेवर वाफ धरली म्हणून पंखाही लावला. इस्पितळाच्या फाटकात वळायला गेलो आणि डॅशबोर्डवर होते नव्हते ते सगळे दिवे एकदम लागले. स्टिअरिंग अर्ध्या वळणात दगड झालं. मी सगळा जीव लावून ओढलं, तेव्हा खांद्यात काहीतरी कट् झालं आणि इंजिनही बंद पडलं. गाडी फाटकात बरोबर आडवी. मागे रुग्णवाहिका. पहारेकरी काचेवर थापा मारतोय, मी किल्ली फिरवतोय, बायको उतरून ढकलतेय, आणि मागच्या सीटवरून आई शांतपणे विचारतायत, ‘जावईबापू, मी उतरले तर हलकी होईल का हो?’

आणि नको नको म्हणेपर्यंत त्या उतरल्या. मी सीटवर अडकलेला, बायको गाडीमागे. पाच-सहा पावलं गेल्या असतील. मग डावं पाऊल उचललंच नाही, आणि त्या ओल्या पायरीवर बसल्या. पडल्या नाहीत, बसल्या. एखादी वस्तू खाली ठेवावी तशा. बायकोने धावत जाऊन धरलं तर तिला म्हणाल्या, ‘तू गाडीकडे बघ, लोक खोळंबलेत.’ रुग्णवाहिकेतल्या माणसांनी आधी गाडी बाजूला सारली, मग आईंना चाकाच्या खुर्चीत घालून आत नेलं.

डॉक्टरीणबाईंनी मेंदूचा फोटो काढायला लावला आणि तो उजेडावर धरून आम्हाला दाखवला. नवा झटका लहान होता, वेळेवर आलात म्हणाल्या. मग बोट सरकवून म्हणाल्या, ‘पण हे दोन डाग जुने आहेत. निदान वर्षापूर्वीचे. तेव्हा कुणाला दाखवलं होतं? काय औषध दिलं होतं?’ वर्षापूर्वी आई तुमच्याकडे होत्या. बायकोने तिथूनच ताईंना फोन लावला. मला पलीकडचं ऐकू आलं नाही, पण नंतर तिने सांगितलं. ताई म्हणाल्या, ‘आमच्याकडे तर टुणटुणीत होती, एकदासुद्धा काही झालं नाही. तुमच्याकडेच काय झालं कोण जाणे.’ बायकोने फोन बंद केला आणि पर्समध्ये ठेवला. मग बराच वेळ पर्सची चेन लावत बसली. ती लागलेली होती.

दुसऱ्या दिवशी आईंना तिथेच ठेवून घेतलं होतं, म्हणून मी गाडीकडे गेलो. फाटकाशेजारच्या गॅरेजने तिला ओढून नेलं होतं, आणि तिथला इलेक्ट्रिशियन पोटावर मीटर लटकवून उभा होता. माणूस अतिशय उर्मट. मला ‘मास्तर, उजेडातून बाजूला व्हा’ म्हणाला. त्याने इंजिन चालू केलं, मीटरच्या दोन वायरी बॅटरीला लावल्या, मग एकेक करून दिवे, वायपर, पंखा सुरू करत गेला, आणि आकडा घसरत गेला. त्याचं म्हणणं एवढंच: गाडी चालताना वीज तयार करणारा अल्टरनेटर कधीचाच थकलाय. वीज पुरत नाही, मग गाडी बॅटरी खाते. बॅटरी संपत आली की सगळ्यात आधी स्टिअरिंगची मोटर हात वर करते, कारण तिला सगळ्यात जास्त वीज लागते. स्टिअरिंगला काहीही झालेलं नाही.

मी म्हणालो, पण दिवे तर आत्ता आत्ता लागायला लागले.

तो हसला. त्याने काट्यांची काच आधीच उतरवून ठेवली होती, ती माझ्यासमोर धरली. आतल्या बाजूने काळ्या चिकटपट्टीचे दोन तुकडे लोंबत होते. उन्हाळ्यात गोंद वितळून सुटलेले. ‘दिवे आत्ता लागले नाहीत, मास्तर. लागलेलेच होते. झाकण आत्ता पडलं. पट्टी तुम्ही लावली होती?’ मी नाही म्हणालो. ‘मग कुणीतरी हौशी होता. काम सुबक केलंय.’

सुबक खरंच होतं, साडूसाहेब. बॅटरीच्या दिव्यापुरता एक गोल, स्टिअरिंगच्या दिव्यापुरता दुसरा, कडा कातरीने कापलेल्या. मी तिथे टायरांच्या ढिगावर बसलो. मला राग यायला हवा होता, तो आला नाही. मला आधी वाटलं, याला केवढा वेळ लागला असेल. पेचकस आणायचा, काच उतरवायची, पट्टी मापाने कापायची. तेवढ्या वेळात इलेक्ट्रिशियनकडे जाऊन परत येता आलं असतं. राग दुपारी आला, आईंना पेज भरवताना. तो अजून आहे. जपून ठेवला आहे, कारण घरातली वस्तू घरात राहावी.

असो. अल्टरनेटर दुरुस्त झाला. दिवे विझलेत, झाकलेले नाहीत. स्टिअरिंग एका बोटाने फिरतं, आणि ते बरंच आहे, कारण दुसरा हात गळ्यात आहे. आई घरी आल्यात, त्यांचा हात थोडा वळतो. त्यांनी कव्हरं घालायला पुन्हा सुरुवात केलीय, वाकडी बसतात. मी ती काढत नाही. थोरांना नमस्कार, तुमच्याकडे लहान कुणी नाही म्हणून आशीर्वाद वाचले. कळावे. लोभ आहे तेवढाच ठेवावा, वाढवून आणखी काही पाठवू नये.

आपला,
धाकटा साडू

ता. क. – गाडीसाठी हे पत्र लिहिलेलं नाही. काल आई बोलता बोलता म्हणाल्या, ‘मोठीकडे मोरीपाशी पडले होते की एकदा. दोन दिवस शब्दच फुटत नव्हता. पण ती म्हणाली, धाकटीला सांगू नकोस, उगाच घाबरेल.’ डॉक्टरीणबाईंना औषध ठरवायचंय. त्यांना हवंय ते एवढंच: असं कधी झालं, किती वेळा झालं, आणि तुम्ही काही गोळ्या दिल्या होत्या का. ताई आमच्याशी नाही बोलल्या तरी चालेल. त्यांनी थेट डॉक्टरीणबाईंना फोन करावा, नंबर मागे लिहिला आहे. आम्ही भांडणार नाही. आईंना परत न्या असंही म्हणणार नाही, नेऊही नका. फक्त खरं सांगा, आणि लवकर सांगा.

ता. क. २ – मघापासून आई शेजारी बसून बघतायत. एवढं काय लिहिताय, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मोठ्या जावयांना, गाडीबद्दल. त्यावर म्हणाल्या, ‘छान चालते म्हणून लिहा हं. एवढ्या प्रेमाने दिलीय त्यांनी, वाईट वाटेल.’ चष्मा लावून त्या शेवटची ओळ वाचणार आहेत, म्हणून लिहितो: गाडी छान चालते आहे.