एका मताने निवडून आल्याबद्दल लोरेनआत्याला

ती. लोरेनआत्या,

तुझ्या लाडक्या (परवापर्यंत लाडक्या) भाचीचा दुरूनच नमस्कार. मिठी मारली असती, पण आत्ता राग इतका आहे की तुझ्या नव्या खुब्याला धक्का बसला असता. खुबा कसा आहे? इस्पितळात अजून बिनमिठाचे बटाटेच देतात का? तब्येतीला जप. आता सांग, मला न विचारता हे काय करून बसलीस?

अमेरिकेतल्या पक्षांवर प्रबंध लिहायचा म्हणून मी काय काय मनात धरलं होतं ते तू ऐकलं आहेस. मोठं कार्यालय असेल, भिंतीभर नकाशे असतील, बंद दाराआड कोणीतरी कोणाचा तरी पत्ता कापत असेल आणि मी कोपऱ्यात बसून सगळं टिपून घेईन. त्यासाठीच तर हत्तीवाल्या पक्षाच्या घरात जन्मून मी गाढववाल्यांत नाव नोंदवलं (बाबा आठवडाभर माझ्याशी फक्त कुत्र्यामार्फत बोलले). आणि जिल्हाध्यक्ष भेटले कुठे, तर अग्निशमन दलाच्या हॉलमागच्या स्वयंपाकघरात, पक्षनिधीसाठी मासे तळताना. विल्बर स्टोल्ट्झ, निवृत्त प्लंबर. मी विचारलं, पक्षातून माणसाला काढतं कोण? "काढायला आधी कोणी आत यायला हवं ना, पोरी. तो झारा दे इकडे." जाहीरनामा मागितला तर भांडी पुसायचं फडकं हातात दिलं. मी सुन्न झाले, आत्या. ज्याच्यावर दोनशे पानं लिहायची तो पक्ष म्हणजे तीन म्हातारी माणसं आणि एक कढई.

तेही सोसलं असतं. पण पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत आपल्या वॉर्डाच्या समिती सदस्याच्या जागेला कोणी उमेदवारच नव्हता, आणि मतपत्रिकेवरच्या रिकाम्या रेघेवर कोणीतरी माझं नाव लिहिलं. वॉर्डात गाढववाल्या आपण दोघीच. मी रेघ कोरी सोडली होती (अभ्यासकाने तटस्थ राहावं म्हणून), त्यामुळे गुप्त मतदानाचा फार तपास करावा लागला नाही. एक मत पडलं आणि मी निवडून आले. प्राध्यापक कॅल्डवेल यांनी बजावलं आहे की ज्या पक्षाचा अभ्यास, त्यात पद नाही. पद ठेवलं तर प्रबंध विसरायचा. म्हणून बैठकीत राजीनामा द्यायला उभी राहिले. तिथे उभं राहणं म्हणजे काम मागणं, हे मला कोणी सांगितलं होतं? तोंड उघडायच्या आत तिघांनी हात वर करून मला चिटणीसही केलं. विल्बर म्हणतात, "बदली माणूस आण आणि खुशाल जा."

तर बदली माणूस तूच. झोपून राहूनही हे पद सांभाळता येतं, हे मी स्वतः पाहिलं आहे. माझी पदवी तुझ्या हातात आहे.

तुझी (नाइलाजाने),
टेसा

ता. क. बाबांना कळलं. मला वाटलं, आता कुत्राही बोलायचा नाही. पण नगर समितीला तीनदा पडलेला माणूस तो. "आपल्या घरात कोणीतरी निवडून आलं एकदाचं," म्हणाले आणि न्हाव्याच्या दुकानात जाऊन साऱ्या हत्तीवाल्यांना सांगून आले. मतं किती, ते सांगितलं नाही. मला रडू आलं.

आणखी एक. प्राध्यापक आता म्हणतात, बदली माणूस खरोखरच मिळत नसेल तर मिळेपर्यंत पद राहू दे, मात्र तसं लेखी हवं. वरची विनंती मी रीतसर केलेली आहे. तू उलट टपाली, स्वच्छ अक्षरात, नकार कळव. कारण म्हणून खुबा चालेल.