सुलक्षणाचं ऑपरेशन आणि माझी तयारी

१२ जानेवारी १९८६, रविवार. सकाळ.

नव्या डायरीचा मुहूर्त. बातमी मोठी आहे. सुलक्षणाला छाती कमी करण्याचं ऑपरेशन करायचंय. म्हणे मान, पाठ, खांदे दुखतात, पट्ट्यांचे वळ उठतात. वर्गात फळ्यावर लिहिताना हात भरून येतो. मला वाटायचं, प्लॅस्टिक सर्जरी फक्त गोरेगावच्या स्टुडिओतल्या नट्या करतात. असो. माझा विरोध नाही. पण घरचा कर्ता म्हणून सगळ्या बाजूंनी विचार करायला हवा. आठ दिवसांत निर्णय सांगतो म्हटलं. ती म्हणाली, अहो, तारीख घेतली, वीस फेब्रुवारी.

निर्णय आजच दिला. होकार.

१४ जानेवारी.

घाटकोपरला डॉ. मृणालिनींना भेटलो. बाई हुशार, पण बोलणं फटकळ. व्रण राहतील, काही दिवस बधिरपणा राहील, नीट आकार यायला महिने लागतील, हे आधी समजून घ्या म्हणाल्या. सुलक्षणाला तीनदा सांगून झालंय, आजचं माझ्यासाठी! मी विचारलं, दिसायला फार फरक पडेल का? म्हणाल्या, तिच्या पाठीला विचारा.

ऑपरेशनआधी: डोकेदुखीच्या गोळ्या परस्पर घ्यायच्या नाहीत. घरात सिगारेटचा धूर नको. पुढून बटणांचे गाऊन शिवून ठेवायचे. नातेवाइकाने एक बाटली रक्त द्यायचं.

माझे संकल्प: १) सिगारेट उद्यापासून बंद. २) रक्त मीच देणार, दोन बाटल्या. ३) संपूर्ण गुप्तता. मुलुंडमध्ये कुणाला पत्ता लागता कामा नये.

१५ जानेवारी.

एक सिगारेट. जिन्यात ओढली. जिना म्हणजे घर नव्हे.

ऑफिसात फक्त राजारामला सांगितलं, तेही आईची शपथ घालून. बाकीच्यांना अपेंडिक्स सांगितलंय. सुलक्षणाचं अपेंडिक्स आमची लेक जया व्हायच्या आधीच काढलंय हे त्या वेळी लक्षात आलं नाही.

२६ जानेवारी. संध्याकाळ.

वाट लागली!

ऑपरेशनआधी देवापुढे गाऱ्हाणं घालावं, ही आपल्या कोकणातली रीत. काशीरामकाकांना गुपचूप बोलावलं. नारळ, विडा, बस. काका गावच्या मंडळाची चौदा माणसं घेऊन आले. मी कानात म्हटलं, काका, मोघम घाला. काका भडकले. देवाला मोघम सांगितलं तर देव कुठला अवयव बरा करणार? आणि खणखणीत आवाजात सुरू झाले. आमच्या सुनेच्या छातीचा भार डॉक्टरीण बाय उतरवतली, तिच्या हाताक यश दी रे म्हाराजा! चौदा जण ओरडले, व्हय म्हाराजा! खाली स्कूटर पुसणारा माणूस वर बघायला लागला.

मी मेलो लाजेने. सुलक्षणा? तिने सगळ्यांत मोठ्यांदा व्हय म्हटलं. शिवाय सगळ्यांना चहा केला. वरच्या मजल्यावरच्या माणिकवहिनी येऊन डॉक्टरांचा पत्ताच लिहून घेऊन गेल्या. त्यांचीही पाठ दुखते म्हणे. मला कसं ठाऊक नाही?

१९ फेब्रुवारी. नर्सिंग होम.

रक्त द्यायला गेलो. बाही वर केली. सुई पाहिली. पुढचं नीट आठवत नाही. जागा झालो तेव्हा कॉटवर होतो आणि उद्या जिचं ऑपरेशन, ती मला वहीने वारा घालत होती. नाश्ता कमी झाला होता, दुसरं काही नाही. रक्त राजारामने दिलं.

२० फेब्रुवारी.

ऑपरेशन चार तास चाललं. मी अगदी शांत होतो. राजाराम म्हणतो, मी वॉचमनलासुद्धा विचारलं, अजून किती वेळ. साफ खोटं. दोनदाच विचारलं.

डॉक्टर बाहेर येऊन झकास म्हणाल्या. सुलक्षणाने डोळे उघडले आणि म्हणाली, जेवलात का? मग म्हणाली, डोळे लाल का झालेत? मी म्हटलं, फिनेलचा वास फार आहे इथे.

घाबरलो होतो. फार घाबरलो होतो. ही डायरी कुणी वाचत नाही म्हणून लिहितो.

२७ फेब्रुवारी. सकाळी सहा.

काल तिला घरी आणलं. सहा आठवडे वजन उचलायचं नाही, हात वर न्यायचे नाहीत, उताणंच झोपायचं. घर मी चालवणार. टाइमटेबल करून भिंतीला लावलं. पाच वाजता पाणी, सहाला चहा, सातला डाळ-भात. आज उठायला एक तास उशीर झाला. पाणी गेलं.

३ मार्च.

सुधारित टाइमटेबल. जेवण: माणिकवहिनी. पाणी: जया. कपडे: बाई. देखरेख: मी.

देखरेखीचं काम वाटतं तितकं सोपं नाही. सिगारेट तीन.

५ एप्रिल.

तपासणी. जखमा छान भरल्या. सुलक्षणा ताठ चालते, खांद्यावरचे वळ फिकट झालेत. डॉक्टरांनी मला विचारलं, यांची पाठ किती वर्षं दुखत होती? सहा आठवडे सेवा केलेला माणूस मी, लगेच सांगितलं, दोन-तीन. डॉक्टरांनी सुलक्षणाकडे पाहिलं. ती हसली. डॉक्टर तिला म्हणाल्या, आता कशीही झोपा.

६ एप्रिल, रविवार. दुपारी तीन.

चार वाजता राजाराम सहकुटुंब यायचा होता. आपण हे सगळं कसं निभावलं, ते त्याच्या बायकोला जरा सविस्तर सांगायचं ठरवलं होतं. पण सुलक्षणा जेवली आणि सरळ पालथी पडली. उशीत तोंड खुपसून, लहान मुलीसारखी. चौदा वर्षांत पहिल्यांदा, म्हणाली. जया झाल्यापासून पालथं झोपताच येत नव्हतं. कुशीवरही पाठ ठणकायची.

चौदा वर्षं! मी शेजारीच झोपत होतो. एका हाताच्या अंतरावर. मला वाटायचं, हिला झोपच कमी.

मी जरा रागावूनच विचारलं, मग मला सांगितलं का नाहीस?

डोळे मिटलेलेच होते. म्हणाली, रोज सांगत होते.

आणि झोपली. घोरतेय. राजारामला फोन करून येऊ नकोस म्हणून सांगितलं.