ब्याण्णव वर्षांचा कारागीर

धाहरान

अब्बा, तुम्हाला आणि अम्मीला सुरैयाचा खूप खूप सलाम.

आम्ही मजेत आहोत. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, नवा झाला, ती काळजी मिटली. तुम्ही घडवून दिलेला तंबोराही छान बोलतो. एसीच्या कोरड्या हवेनं भोपळ्याला केसाएवढी चीर गेली आहे, एवढंच.

परवा इथे व्हायोलिनचा कार्यक्रम ऐकला. ते वाद्य इटलीतल्या स्त्रादिव्हारी नावाच्या कारागिरानं तीनशे वर्षांपूर्वी घडवलेलं. त्याची वाद्यं लिलावात शंभर कोटींच्या घरात जातात म्हणे. समरीननं लगेच विचारलं, "मम्मी, नानांचा तंबोरा का नाही जात?" म्हटलं, "थांब की अजून तीनशे वर्षं!"

वादकानं वाद्य जवळून दाखवलं. त्यालाही चिरा आहेत, अब्बा, पुन्हा पुन्हा सांधलेल्या. आणि तो कारागीर ब्याण्णवाव्या वर्षीही काम करत होता. वाद्याच्या आत चिठ्ठी चिकटवून ऐटीत स्वतःचं वय लिहायचा!

आणि आपला धाकटा नदीम फोनवर सांगतो, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तुम्ही मिरजेच्या कारखान्यात पाऊलच टाकलं नाही, "वय झालं" म्हणता. शहात्तर हे काय वय झालं? डोळ्यांत थेंब घालता ना? अम्मीचे गुडघे कसे आहेत?

जूनमध्ये तंबोरा घेऊन येते. त्या चिरेला दुसऱ्या कुणाचा हात लागू देणार नाही. मग नवा करायला घ्या आणि आत तुमचं नाव घाला, वयही घाला.

त्या इटलीवाल्याला गाठायला अजून सोळा वर्षं आहेत. तेवढं पुरेल इतकं तंबोऱ्यासाठीचं तुणाचं लाकूड माडीवर आहे का, ते मात्र आजच बघून ठेवा.

तुमच्या हातच्या कामाची वाट बघणारी,
सुरैया