वाटून दिलेल्या कॅप्सूल

परभणी, ९ फेब्रुवारी १९७५

ती. कुसुमअक्कास,
आश्रुबाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

आठ दिवस झाले, पत्राचा कागद खिशात घेऊन हिंडायलोय, पण लिहायला हात धजंना. मधी पोखर्णीला जाऊन हुरडा खाऊन आलो. तिथं एक म्हातारा करवतीवर गाणं वाजवतो, लय भारी! ते पुन्हा कधी.

गाडीवरून पडून मोडलेली दादांची नडगी इथल्या दवाखान्यात ऑपरेशन करून बसवली. मधी ताप आला. डॉक्टरांनी सात दिवसांच्या कॅप्सूल दिल्या, तिसऱ्याच दिवशी ताप गायब. मग उरलेल्या मी शेजारच्या खाटेवरच्या भुजंगरावांना आन आणखी तिघांना वाटून टाकल्या. फोडून पूड जखमेवर टाकायची, वर पट्टी. चौघांच्या पट्ट्या मीच बांधतो. सगळे मला कंपाउंडर म्हणायलेत. चार माणसांत एकट्यानं खाऊ नये, हे दादांनीच शिकवलंय ना!

फक्त दादांच्या टाक्यांतून जरा पाणी येतंय. काळजी नको.

माया हायच, ती असू दे.
तुझा आश्रुबा

जिंतूर, १३ फेब्रुवारी १९७५

चि. आश्रुबास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं ‘जरा पाणी’ म्हणजे पू, एवढं मास्तरणीला कळतं. अरे, तो काय हुरडा होता, वाटून खायला? सात दिवसांचं औषध सात दिवस, तेही ज्याचं त्यानंच घ्यायचं.

आजच्या आज डॉक्टरांना सगळं खरं सांग. लपवलंस तर ते तेच औषध देत राहतील आणि दादांचा पाय हातचा जाईल. मला नववा महिना, एसटीचे धक्के बंद केलेत. तिथं तूच आहेस. शाळा सोडलीस, दोन नोकऱ्या सोडल्यास, आता बापाची खाट सोडू नकोस.

रागाखाली माया आहे, ती ओळखावी.
तुझी अक्का

परभणी, २१ फेब्रुवारी १९७५

ती. कुसुमअक्कास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

सांगितलं. डॉक्टर रंगनाथराव ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बसायला खुर्ची दिली. म्हणाले, अर्ध्या औषधानं दुबळे जंतू मरतात, दांडगे उरतात, आन ते मग औषधाला भीक घालत न्हाईत. असले जंतू दवाखान्यांत आधीपासून असतातच, पण एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर त्यांना माझ्याच हातांनी नेलं.

पू तपासायला औरंगाबादला धाडला होता. चार औषधं फुकट गेली, एकच इंजेक्शन लागू पडंल म्हणे. ते इथं मिळंना. सोमवारपर्यंत आलं न्हाई तर पाय गुडघ्याखाली कापायचा.

बुधवारी सगळी दुकानं पालथी घातली. औरंगाबादची गाडी उभी होती, एक पाय आत टाकलाबी. मग दादांचा पुन्हा चढलेला ताप आठवला आन उतरलो. तुझ्या शाळेत द्यायला जिंतूरच्या एसटीच्या कंडक्टरकडं औषधाच्या नावाची चिठ्ठी दिली. मिळाली का, कळंना.

चौघांनाबी माझी चूक सांगितली. भुजंगराव म्हणाले, कंपाउंडरसाहेब, आता हात खिशातच ठेवा. दादांनाबी सांगितलं. त्यांनी इतकंच विचारलं, भुजंगची मांडी बरी हाय का? मला रडू आलं. आता दादांना हात लावायच्या आधी साबणानं कोपरापर्यंत धुतो.

चुकलो, पण माया आटू देऊ नको.
तुझा आश्रुबा

ता. क. पाकीट चिकटवायलो होतो, तर दारात तुझे मालक, दत्तराव दाजी! येलदरीला त्यांनी लावून दिलेली नोकरी सोडून पळालो, तेव्हापासून दोन वर्षं त्यांनी माझं तोंड बघितलं न्हाई. तुला चिठ्ठी मिळाली म्हणायची! औरंगाबादहून थेट आलेत, धोतर धुळीनं लाल. पिशवीतून इंजेक्शनाचं खोकं काढून त्यांनी माझ्याच हातात दिलं आन म्हणाले, जा, डॉक्टरांना नेऊन दे, मी बसतो दादांपाशी.