आईच्या खाटेवर वाळलेले मोजे

आई, तुझी लोखंडी खाट अजून मागच्या खोलीतच आहे. शांती नगरमधलं हे घर घेतलं तेव्हा तू ती गिरगावातून टेम्पोत घालून आणली होतीस, आणि तिच्यावरच तू गेलीस. त्यानंतर तिथे कुणी झोपलं नाही. इस्त्रीचे कपडे, पाहुण्यांच्या गाद्या, असलं काहीबाही त्या खोलीत पडून असतं. गेल्या हिवाळ्यात मी त्या खाटेवर मोजे वाळत घातले. त्याबद्दल तुझ्याशी बोलायचं राहून जातंय, म्हणून लिहितेय. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो माझ्याकडे क्षणभर बघेल आणि विषय बदलेल.

मी आता घोडबंदरला एका स्टुडिओच्या कपडेपटात आहे. तुझंच काम, फक्त आता त्याला पंखा आणि खुर्ची मिळते. तिथे जुन्या मुंबईवरची एक मालिका चालली होती. त्यातली नायिका क्लबात गाते, तिच्या पायांत मांडीपर्यंत येणारे तलम मोजे, मागून उभी शिवण असलेले. मोजे नवेच होते, पण जुन्या पद्धतीने विणलेले, बाहेरून मागवलेले आणि मोजकेच जोड. पहिला जोड पहिल्याच दिवशी गेला. वेताच्या खुर्चीत धागा अडकला, एक टाका सुटला आणि टाचेपासून गुडघ्यापर्यंत उसवत गेला. दुसरा मेकअपवाल्या मुलीच्या अंगठीने गेला. आमच्या कपडेपटाची प्रमुख एक गुजराती बाई आहे, स्वभावाने चांगली. ती म्हणाली, ‘दीदी, आप घर ले जाओ, जैसे भी हो संभालो.’ माझी आई हेच काम करायची, हे मीच तिला कधीतरी सांगितलं असणार.

घरी येऊन बादलीत पाणी घेतलं आणि तू दिसलीस. गिरगावातल्या त्या अरुंद स्वयंपाकघरात तू मोरीपाशी बसली आहेस. बांगड्या कोपरापर्यंत चढवल्या आहेत, अंगठी फळीवर काढून ठेवली आहे. काड्यापेटीच्या कडेवर नखं घासतेस, हाताला ग्लिसरीन लावून ते पूर्ण मुरू देतेस, तोवर मोज्यांना शिवत नाहीस. मोजे उलटे करून रिठ्याच्या गार पाण्यात नुसते खालीवर करतेस. मी पिळायला हात पुढे केला तर माझं मनगट धरतेस. ‘पिळायचं नाही. त्याला हाडं नसतात, तरी ते मोडतं.’ मग टॉवेलवर पसरून टॉवेलची वळकटी करायची, तळहाताने दाबत जायचं, आणि सावलीत आडवे ठेवायचे. दोरीवर टांगले तर पाण्याच्या वजनाने लांबतात आणि मग पायावर चुण्या पडतात. वाळले की आत मूठ घालून खिडकीच्या उजेडात तू बोटबोटभर पुढे सरकायचीस. टाच विरळ झालेली दिसली की फाटायच्या आधीच केसाइतक्या धाग्याने दोन टाके घालायचीस. माझ्या हातांना हे सगळं अजून येतं हे मलाच माहीत नव्हतं.

त्याच घरात राहत असतानाचा आणखी एक दिवस आठवला. शेजाऱ्यांकडे टीव्हीवर रविवारचा सिनेमा लागला होता, आपण सगळे जमिनीवर बसलो होतो. जिन्यावरून दोन पाय उतरताना दिसले. नुसते पाय, काळे मोजे, उंच टाचा. डावा पाय खाली आला. उजवा पायरीवर टेकण्याआधी हवेत जरा थांबला, पाण्याचा अंदाज घेतल्यासारखा. लहानपणी रत्नागिरीला तुझा पाय मोडला होता आणि तो नीट बसला नव्हता, म्हणून तू प्रत्येक जिना तशीच उतरायचीस. मी ओरडले, ‘आई, ही तू!’ सगळे हसले. बाबाही हसले. तू हसली नाहीस. बाहेर गॅलरीत नेऊन माझा दंड इतका दाबलास की तुझ्या बोटांचे ठसे उठले. ‘ते पाय त्या नटीचे आहेत. पुन्हा बोललीस तर बाबा माझं काम बंद करतील.’ नटीचा घोटा त्या दिवशी सुजला होता, मोजे न फाडता घालू शकणारी तिथे तू एकटीच होतीस, म्हणून जिना तू उतरलीस, हे तू मला कितीतरी वर्षांनी सांगितलंस, ह्याच खाटेवर पडल्यापडल्या. तेव्हाही हळूच, बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती तरी.

तर मोजे सावलीत ठेवायचे होते, आणि घरात ऊन, खारा वारा, धूळ यांतलं काहीच न येणारी जागा तेवढीच. खाटेवर पांढरी चादर घातली, दोन मोजे शेजारी शेजारी ठेवले, दार ओढून घेतलं. दुपारनंतर बघितलं तर वाळले होते, पण सपाट नव्हते. पोटऱ्यांपाशी किंचित फुगलेले, टाचा खाली रुतलेल्या. उजव्या मोज्याच्या पुढच्या टोकाला अंगठ्याखाली गोल उंचवटा आला होता. मी पाण्याला दोष दिला, चादरीला दोष दिला. मोजे उचलले तर ते कोमट लागले. खिडकी बंद होती. तुझ्या त्या पायाच्या अंगठ्याखालचं हाड मी शेवटच्या महिन्यांत रोज तेल लावून चोळलं आहे, आई. तो आकार मला हाताने कळतो.

त्या जोडाला मग काही झालं नाही. वेताच्या खुर्चीत नाही, जिन्याच्या खिळ्यात नाही. मी रोज संध्याकाळी घरी आणायची, धुवायची, दुसऱ्या दिवशीच्या शूटिंगला दुसरा जोड द्यायची म्हणजे ह्याला विश्रांती. पण दुसरे जोड एकेक करून गेले आणि हाच राहिला. नायिकेचं काम करणारी मुलगी नाशिकची आहे, हसरी, सरळ पायांची, नाचात तयार झालेली. हा जोड घातला की ती जिना उतरताना उजवा पाय हवेत थांबवायला लागली. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातातली पिनांची डबी खाली पडली. दिग्दर्शक खूश. त्याने तिला विचारलं, ये चाल कहाँ से लाई, आणि तीच ठेव म्हणाला. तिने खाली वाकून आपल्या उजव्या पायाकडे पाहिलं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत माझ्याशेजारी येऊन बसली, डबा उघडला नाही.

‘ताई, हे मोजे कुणाचे होते?’

नवे आहेत, म्हटलं.

‘मग मी जिना उतरत नाहीये. मला कुणीतरी उतरवतंय. माझा पाय मी खाली ठेवते तेव्हा कुणीतरी त्याला थांब म्हणतं.’

तिचे हात गार पडले होते. मी तिला सांगितलं की मोजे ओलसर राहिले असतील, कापड आखडलं की पाय अडखळतो. तिने मान डोलावली, पण तिचा विश्वास बसला नाही. त्या संध्याकाळी मी मोजे मागच्या खोलीत नेले नाहीत. बाल्कनीत खुर्चीवर टॉवेल घालून पसरले. सकाळी बघते तर वाऱ्याने उडून डावा मोजा कबुतरांच्या जाळीवर जाऊन अडकला होता आणि मांडीपाशी टाका सुटायला लागला होता. मी तो तुझ्या पद्धतीने सांधला आणि पुन्हा धुऊन खाटेवर ठेवला. तासाभराने मी खोलीत बघायला गेले. चादरीवर पायथ्याशी, माणूस कडेला बसतं तिथे, खोलगट चूण पडली होती. मी ती हाताने सारखी केली. मग खूप वेळ तिथेच बसून राहिले. मला भीती वाटली हे खरं आहे, पण उठावंसं वाटलं नाही हेही खरं आहे.

शेवटच्या दिवशी नायिका क्लब सोडून जाते, तो प्रसंग होता. वरून खालपर्यंत पूर्ण जिना, आणि कॅमेरा फक्त पायांवर. मुलगी कपडे बदलायच्या खोलीत मोजे मांडीवर घेऊन बसली होती. नुसतीच बसली होती. तेव्हा मी दार लावून तिला तुझ्याबद्दल सगळं सांगितलं. सुजलेला घोटा, शेजाऱ्यांचा टीव्ही, माझा दंड, खाट. तिने मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, ‘त्या रागावल्यात का माझ्यावर?’

‘नाही,’ मी म्हटलं. ‘कामावर असली की ती कुणावर रागवायची नाही.’

तिने थोडा विचार केला आणि पाय पुढे केले. मोजे मी घातले, चवडा आधी, मग टाच, मग गोळा केलेला मोजा हळूहळू वर उलगडत. घालताना तिच्या पोटरीवर काटा आला होता. म्हणाली, ‘एकदाच हं ताई. एकदाच करते.’

ती उतरली.  डावा पाय, आणि उजवा हवेत, थोडासा थांबून, पाण्याचा अंदाज घेत. ती एकटी उतरत होती, पण मला मोज्यांची सळसळ दोनदा ऐकू येत होती, एक तिच्या पावलाबरोबर आणि एक किंचित मागून. बाजूला उभा असलेला लाइटवाला मागे वळून वरच्या पायरीकडे बघत होता. तिथे कुणी नव्हतं. खालच्या पायरीवर ती पोचली तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दिग्दर्शक म्हणाला, ओके आहे. त्याने माझ्याकडे सवयीने पाहिलं, कपड्यांत काही राहिलं का म्हणून. आणि मी हात वर केला. ‘सर, पीछे सिलाई टेढ़ी है. एक और लेना पड़ेगा.’

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मग ती परत वर गेली.

दुसऱ्या वेळी तू अधिक सावकाश उतरलीस. त्यानंतर मोजे काढले तर ते साधे, सपाट, गार होते, आणि घरी नेऊन खाटेवर ठेवले तरी तसेच राहिले. मुलगी आता दुसऱ्या कामावर आहे. भेटली की मिठी मारते, तिची चाल पुन्हा तिची झाली आहे. हे लिहिलेलं मी तिला दाखवणार नाही, कुणालाच नाही. तिला अजून वाटतं शिवण खरंच सरकली होती.