चित्रात नाही ते

प्रिय मैथिली,

पाकिटावर स्वतःचं नाव पाहून दचकली असशील. तुझ्या वडिलांच्या फोनवर तुला लिहिणं मला जमणार नाही, म्हणून कागद घेतला. त्या फोनवरून माझ्या चित्रांसाठी धून पाठवणारा माणूस आता रविकांत नाही, तू आहेस, हे मला कळलं आहे. 'खूप सुंदर चित्र, रमाताई' आणि पुढे जोडलेले दोन हात. अगं, अकोल्याच्या कोर्टात जन्मभर उलटतपासणी केलेला माणूस तो. माझं चित्र सुंदर आहे असं तो कधी म्हणाला नाही, आणि मॅडमशिवाय दुसरी हाक त्यानं मारली नाही. चांदूर बाजारजवळची वाळलेली संत्र्याची बाग काढून पाठवली, तेव्हा उत्तर आलं होतं, 'मॅडम, झाडं लय गुमसुम आहेत. यायले कावून छळून राहिले तुमी?'

तो इथे अमरावतीला लॉ शिकत होता तेव्हा व्हायोलिनची पेटी घेऊन आमच्या गल्लीतून जायचा. त्याच्या लग्नाची पत्रिका द्यायला स्वतः आला. मी चहा दिला, तो प्यायला आणि गेला. पुढे केस पांढरे होईपर्यंत आम्ही एकमेकांना पाहिलं नाही. मी शाळेतून निवृत्त झाल्यावर सागरनं, माझ्या जुन्या विद्यार्थ्यानं, माझी चित्रं इंटरनेटवर टाकली आणि एका चित्राखाली ओळ आली, 'या बाभळीले आवाज पाह्यजे.' मागोमाग आवाजही आला. तेव्हापासून मी चित्र काढायचं, त्यानं धून बांधायची आणि सागरनं दोन्ही एकत्र करायचं, असं सुरू झालं.

तुला वाटलं असेल, यात काय आहे, चित्र बघायचं आणि वाजवायचं. परतवाड्याचा बाजार उठून गेल्यावर मी काढला होता. तुडवलेली पालेभाजी, बांबूचे सांगाडे, एक कुत्रं. रविकांतनं वाजवली सकाळची गर्दी. ती हसरी धून ऐकत ते चित्र बघितलं की बाजार आणखीच ओस वाटायचा. चित्रात आहे ते वाजवायचं नाही, हा त्याचा नियम. मी एकदा वाद घातला तर म्हणाला, 'ते तुमच्या चित्रानं सांगतलंच. मंग मी काय तुमचा पोपट आहो?' अकोल्याच्या आमच्या प्रदर्शनात लोक हेडफोन लावून चित्रांसमोर उभे होते, तू सागरला वायरी जोडून देत होतीस, आणि तुझी आई, भावना, मला म्हणाली, यांना या वयात छान छंद लागला हो. छंद. मी हसून हो म्हटलं. माझ्या ओळखीच्या कुणाला सांगितलंस तर विश्वास बसणार नाही.

मग या उन्हाळ्यात मी वडाळी तलावावरचा बगळा पाठवला आणि तू बगळा वाजवलास. फडफड, फडफड आणि पाण्यात डुबकी. हे शाळेच्या गॅदरिंगला शोभतं, आणि मी नोकरीभर गॅदरिंगच सोसली आहेत. व्हायोलिन तेच, हातही बराचसा तोच, पण अक्कल कुठे गेली? आधी वाटलं, म्हातारा झाला. मग वाटलं, माझा कंटाळा आला. मी तेही समजून घेतलं असतं. नाही, घेतलं नसतं. पुढच्या दोन धुनाही तशाच आल्या, जोडलेल्या हातांसकट, तेव्हा वाजवणारा तो नाही, तू आहेस, हा संशय पक्का झाला. आमच्या कॉन्व्हेंटात खोटं बोलणाऱ्या मुलीला सिस्टर भिंतीकडे तोंड करून उभं करत. तुला तसं उभं करावंसं वाटलं.

म्हणून मुद्दाम एक चित्र काढलं. कोर्टातल्या वकिलांच्या बाररूममधली लाकडी खुर्ची, तिच्या पाठीवर काळा कोट, बाकी काही नाही. तो असता तर लगेच विचारलं असतं, अशील पळालं का वकील? उत्तर बरेच दिवस आलं नाही. मग नुसती धून आली, शब्द नाही, हात नाहीत. मी जेवता जेवता लावली. तू खुर्ची वाजवली नव्हतीस, कोटही नाही. त्या खुर्चीतून उठून गेलेला माणूस वाजवला होतास. डावा पाय किंचित ओढत चालणारा, वाक्य अर्धं सोडून हसणारा. वरणाला साय धरली तरी मी तशीच बसले होते. तो गेला, हे मला असं कळलं. आणि तुला त्यानं शिकवून ठेवलं आहे, हेही.

तरी मी रागावलेली आहे. मला धक्का बसू नये म्हणून केलंस, त्यानंच 'मॅडमले सांगू नको' म्हटलं म्हणून केलंस, की व्हायोलिन पेटीबाहेर काढायला तुला निमित्त हवं होतं, ते मी विचारत नाही. तुमच्याकडे माणसं आली असतील, तुझ्या आईजवळ बसली असतील, तेरावं झालं असेल. इकडे मी मेलेल्या माणसाला चित्रं पाठवत होते आणि धून उशिरा आली की त्याच्यावर चिडत होते. एकदा तर 'हात झिजले का तुमचे?' असं लिहिलं. ते तू वाचलंस, आणि उत्तरात हात जोडलेस.

तुझ्या आईला फोन करायला मी कोण? रविकांतच्या आणि माझ्या ओळखीचं मधलं दुसरं माणूस नाही, सागर आहे तो पुण्याला. त्याला विचारलं तर हे मला कशाला हवं, असं तो विचारेल. म्हणून तुलाच विचारते. तो कोणत्या दिवशी गेला, ती तारीख मला कळव. माझ्या प्रत्येक चित्रामागे पेन्सिलीनं तारीख घातलेली असते, आणि चित्रं सगळी कपाटात एकावर एक पडली आहेत. त्यातली त्यानं पाहिलेली कोणती आणि न पाहिलेली कोणती, एवढं मला वेगळं करून ठेवायचं आहे.

तुझीच,
रमा