दोन बोटांची धाव

पौष शुद्ध ५, शके १७८६
चाकांना लोखंडी धाव चढवायला देवीदास लोहाराकडे रांग. कापसाला सोन्याचा भाव, ज्याला त्याला अमरावतीला गाडी न्यायची आहे. तरी त्याला हसायला वेळ होता. "दोन बोटं रुंद धाव? शालिकराम, चाकाले लोखंड चढवाचं हाय का बांगडी?" म्हटलं, बांगडीच चढव. छकडा हलका, तेवढा पळणार. यंदा शंकरपटाच्या शर्यतीत बायकोच्या भावाला, परतवाड्याच्या पंजाबरावाला, हरवायचंच. पैज ठरली — हरणाऱ्यानं एक बैल द्यायचा. मी मोत्या लावला.

शुद्ध ७
घरात बायकोला कळलं. पार्बताबाईनं ताट मांडलं. मग म्हणाली, "माय मेलेलं वासरू म्या बोटानं दूध पाजून वाढवलं. पैजेले लावतानी मले इचारलं?" भाकरी वाढली. एकच.

शुद्ध ९
नवी चाकं! गाडीवाटेवर छकडा सुसाट गेला. पार्बताबाई बांधावर उभी होती. "फेट्याचा शेव मांगं फडफडते, वारा धरते. फेटा काढा आन् वाकून बसा." फेट्याशिवाय पटात? लोक काय म्हणतील? छकडा वळवताना चाक वावरात गेलं होतं; ती तिथं उतरली, चाकोरीत बोटं घातली. "हे चार बोटं रुतलं. जुनं रुंद चाक एकच बोट रुतते. पट वाटेवर नाई, नांगरलेल्या वावरात हाय."
म्हटलं, चाकातलं तुला काय कळतं?
"मले नाई कळत," म्हणाली.

शुद्ध १३
ती संक्रांतीला माहेरी गेली. दोन्ही वेळा माझ्या हातची खिचडी.

वद्य ३
हरलो. निम्म्या पटापर्यंत मी पुढे, मग चाकं भुईत शिरली. पंजाबराव बाजूनं निघून गेला — बोडका, छकड्यावर पार आडवा, आणि चाकांना चार बोटांची धाव! मोत्याचा कासरा त्याच्या हातात दिला. विचारलं, हे कुठं शिकलास?
"ताईनं सांगतलं," म्हणाला. "म्हने, घरी कोनी आयकत नाई."

वद्य ५
पार्बताबाई परत आली. मागोमाग मोत्या! भावानं तिला संक्रांतीची भेट म्हणून दिला. "आता बैल माहा हाय," म्हणाली. "जुपाचा असंन त मले इचारा."
विचारलं. अजून उत्तर आलेलं नाही.